खंडेनवमीची निळी वायर

(मंदाताई, पिंपळे गुरव. बोलल्या तसं लिहिलं.)

बसा ताई तुमी. मी उभ्यानंच बोलते, मला बसून बोलता येत न्हाई, तवर ह्या वायरी तरी गुंडाळून होतील. माझी माय म्हणायची हिच्या पायाला भिंगरी हाय, ही नांदायची कशी. नांदले बगा, पन भिंगरी काही सुटली न्हाई. आमचं गाव गेवराईकडं, बीड जिल्हा. बाप टेलिफोनच्या वायरी टाकनाऱ्या ठेकेदाराकडं रोजानं खड्डे खांदायचा, रस्त्याच्या कडंकडंनं, कंबरंइतके. मी भाकरी घेऊन जायचे आन् इचारायचे, आबा, ह्या वायरीत काय असतं. तो म्हणायचा, मला काय म्हाईत, मला खांद म्हणले मी खांदला, आत काय गेलं ते कुनी सांगितलं न्हाई. हे त्याचं बोलनं माझ्या डोक्यात राहिलं. खड्डा तू खांदायचा आन् आत काय गेलं ते तुला म्हाईत न्हाई, हे मला लहानपनापासून पटतच न्हाई.

बारावी झाले, लगेच लगीन. हे भोसरीला प्रेस शॉपमधे होते, पत्रा दाबायच्या मशीनवर, तिथून मी ह्या पिंपळे गुरवच्या खोलीत आले. एक खोली, एक खिडकी. भांडी घासून व्हायची, कपडे वाळून व्हायचे, पोरगी शाळेत, आन् मी आपली ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हे म्हणले, तू फरशी झिजवशील, त्यापेक्षा कामाला जा. थट्टेनंच म्हणले, पन मी दुसऱ्या सकाळी कासारवाडीला जाऊन कंपनीच्या बसमधे बसलेसुद्धा. चाकणला, ठेकेदाराकडून. आधी पॅकिंग, मंग स्टोअरला. तिथं हातात स्कॅनर द्यायचे, खोक्यावरच्या पट्टीवर धरायचा, टुक वाजलं की नोंद झाली.

आता काय सांगू तुमाला, तो स्कॅनर दहाव्या रांगंत गेला की मरायचा. बाकीच्या बाया त्याला थपडा मारायच्या, एकजन तर पदरानं पुसायची. मी म्हणलं, हे थपडांचं काम न्हाई, हा नेमका इथंच कामून मरतो. जेवनाच्या सुट्टीत बाया बसायच्या आन् मी स्कॅनर घेऊन फिरायचे, जिथं मेला तिथं फुली, जिथं जगला तिथं टिंब. खोक्याच्या पुठ्ठ्यावर सगळं स्टोअर काढलं, रांगा, खांब, दरवाजे. लोखंडी पत्र्याचा माल उंच रचला की त्याच्यामागं फुल्याच फुल्या, लोखंडाच्या आड वायफाय पोचतच नव्हतं. तो पुठ्ठा आमच्या नेटवर्कच्या सरांनी बघितला. देशमाने सर, लई कमी बोलनारा मानूस. म्हणले, हे कुनी काढलं. मी म्हणलं आता बोलनी बसनार. तर म्हणले, ह्याच्यासाठी आमी बाहेरून मानूस बोलावतो, तुमी खोक्याच्या पुठ्ठ्यावर केलंय, उद्यापासून रोज एक तास माझ्याकडं या.

तिथून सुरू झालं. वायरीच्या आत आठ तारा असतात ताई, रंगीत, त्यांचा क्रम ठरलेला. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाढ्यासारखं पाठ केलं, चपात्या लाटताना म्हणायचे, पोरगीला झोपंतून उठवून इचारलं तरी सांगायची इतकं तिच्याबी डोक्यात बसलं. त्याच क्रमानं तारा टोकाच्या प्लगमधे बसवून पकडीनं दाबायच्या, पन हाताला येईना. पहिल्या दिवशी मी जेवढी टोकं केली त्यातलं एक लागलं न्हाई. मी पक्कड आपटली, म्हणलं हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. सर म्हणले, उचला. बस, एवढंच. उचलली. माझा राग असाच हाय, येतो तसा जातो, पन मधल्यामधी वस्तू फुटती. पंधरा दिवसांनी टेस्टरवर आठीच्या आठी दिवे लागले तव्हा मी तिथंच रडले, सर खिडकीतून बाहेर बघत राहिले.

शनिवारी पिंपरीला क्लास लावला, मार्केटच्या गल्लीत, कपड्याच्या दुकानावर. सगळी विशीतली पोरं, मला काकू म्हणायची. तिथले सर शिकवायचे, नेटवर्कवर हरेक मशीनला आपापला पत्ता पाहिजे, एकाच पत्त्याची दोन असली की घोळ. पोरं लिहून घ्यायची, मला लिहायची गरज न्हाई, आमच्याच गल्लीत बारा नंबरची दोन घरं हायत, एकाचं गॅसचं पुस्तक दुसऱ्याकडं जातं. मंग वायर कुठून न्यायची, लाईटच्या वायरीपासून लांब कामून ठेवायची, किती लांब चालती, कुठं संपती. देशमाने सर म्हणायचे, आधी पायानं चाला, मंग कागदावर काढा, मंग शिडीवर चढा. ज्या पायांना माय नावं ठेवायची ते पाय इथं कामाला आले. दोन वर्षांत मी छताची टाईल उघडून, शिडीवर उभं राहून, कुठली वायर कुठून आली ते सांगायला लागले.

मंग सरांनी सांगितलं, नेटवर्कमधे एक जागा निघती, कंपनीच्या स्वतःच्या पटावर, ठेकेदाराकडची न्हाई. तुमचं नाव दिलंय, दसरा झाला की सही होईल. ताई, तुमाला सांगून कळनार न्हाई त्याचा अर्थ काय. ठेकेदाराचं कार्ड म्हणजे आज गळ्यात हाय, उद्या गेटवर काढून घेतील. ह्यांच्या प्रेस शॉपमधे कामं कमी झालेली, हे आठवड्यातून तीन दिवस घरी. पोरगी दहावीला. ती जागा मला पाहिजेच होती. झोपंत पाय हलायचे माझे, हे म्हणायचे, पोचलीस का चाकणला.

आन् आली खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत सगळे आपापली मशीन धुतात, पुसतात, रांगोळी काढतात, हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. ज्याची मशीन त्यानं पूजा करायची. आमी ठेकेदाराच्या बाया इतकी वर्षं मागं उभ्या राहायचो, हात जोडून, दुसऱ्याच्या मशीनला. त्या साली मी म्हणलं, माझीबी मशीन हाय. सर्व्हर रूममधला रॅक, म्हणजे ते कपाट, ज्यात सगळ्या कंपनीच्या वायरी येऊन मिळतात. सर सुट्टी काढून गावाला गेलेले. मला सांगून गेले होते, कोरड्या फडक्यानं पुसा, पानी न्यायचं न्हाई.

मी आन् लतामावशी, दोघींनी खोली साफ केली. लतामावशी म्हणजे साफसफाईवाली, देहूची, साठीच्या जवळची बाई. फरशी तिनं पुसली, रॅकला तिनं हात लावला न्हाई, मी लावू दिला न्हाई, माझी मशीन ना ती. सगळ्या वायरी ओळीत बांधल्या, एकदम नीट. एक निळी वायर तेवढी राहिली. एक टोक स्विचमधे, म्हणजे रॅकमधल्या त्या भोकाभोकांच्या डब्यात, दुसरं लोंबतंय. सर लॅपटॉप लावायला ती मोकळी ठेवायचे. पन मॅनेजर येनार, फोटो काढनार, आन् पूजेला असं लोंबतं टोक बरं दिसतं का. शेजारी मोकळं भोक होतं, दिलं खोचून. मंग हार घातला आन् वायर त्याच्यामागं दाबली, तेवढ्यात माझ्याच मोबाईलवर कुनीतरी फोटो काढला. आन् काय सांगू, एका मिनिटात स्विचचे सगळे दिवे एकसाथ नाचायला लागले, फडफड फडफड. मला वाटलं देवानं पूजा घेतली. सगळ्यांनी फोटो काढले. मावशी म्हणली, बाई, तुझं मशीन लई गुनाचं हाय. पूजेमुळं सगळं काम बंदच होतं, कुनालाच काही कळलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी.

तिसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला कंपनी मेलेली. हजेरीच्या मशीनवर बोट लागंना, स्कॅनर सगळे मुके, लेबल छापंनात. लेबल न्हाई तर माल बाहेर जात न्हाई, गेटच्या आत गाड्यांची रांग. सरांचा फोन लागंना. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पळाले. आधी वाटलं बाहेरची लाईन गेली, ती चालू होती. मंग एकेक भाग सोडवत गेले, स्टोअरची वायर काढ, बघ, लाव, पेंटशॉपची काढ, बघ, लाव. साडेदहाला रॅकसमोर उभी राहिले, हार सुकलेला, दिवे अजून तसेच फडफडतायत, आन् हारामागं ती निळी वायर. दोन्ही टोकं एकाच स्विचमधे. जे आत येतंय ते तिथंच फिरतंय, गोल गोल, दुसऱ्याला जागाच न्हाई. क्लासमधे शिकवलं होतं हे. परीक्षेला मी बरोबर लिहिलं होतं. काढली वायर, दिवे शांत झाले, बाहेर स्कॅनर टुकटुक करायला लागले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर म्हणले, काय होतं. मी म्हणलं, एक वायर चुकीच्या जागी होती. तेवढ्यात ॲडमिनचे साहेब म्हणले, साफसफाईच्या बाईनं पुसताना काढली असनार आन् कुठंबी खोचली असनार, ह्या बायांना आत सोडतं कोन. मी न्हाई म्हणलं न्हाई आन् हो म्हणलं न्हाई. जेवायची सुट्टी झाली, मी कॅन्टीनला गेले, डबा उघडला, मेथीची भाजी होती, मी जेवले. पूर्न जेवले ताई. डबा धुतला. मनात म्हणलं, सही उद्यावर आलीय, मावशीला दुसरीकडं काम मिळंल, तिचा पोरगा कमावता हाय. असं सगळं जुळवून घेतलं मी.

डबा ठेवायला निघाले तर गेटजवळच्या कट्ट्यावर मावशी बसलेली, पिशवी मांडीवर, कार्ड काढून घेतलेलं. मला बघून उठली. माझा हात धरला. म्हणली, मंदे, म्या काय केलं ते मला आठवंना गं, पन फडकं अडाकलं असंल, समदे म्हणत्यात तर असंल. तुझी परमनंट व्हायची येळ आन् माझ्या हातनं असं झालं, तू माझ्यावर राग धरू नको.

माझी माफी मागत होती ती. मला.

तिथून मी मॅनेजरच्या केबिनपर्यंत कशी गेले मला आठवत न्हाई. मी म्हणलं, साहेब, वायर मी खोचली. ते म्हणले, बाईला वाचवू नका. मी मोबाईल काढला, खंडेनवमीचा फोटो दाखवला, हारामागं वायर दिसती, वायरीवर माझा हात, हातात हिरवा चुडा. मावशी रांगोळीपाशी उभी हाय, लांब. मॅनेजरनी फोटो मोठा करून बघितला. म्हणले, बंदबी तुमीच पाडलं आन् चालूबी तुमीच केलं, आता मी काय लिहू. मी म्हणलं, दोन्ही लिहा.

मावशीला कार्ड परत मिळालं. जागा मला मिळाली न्हाई, मी परत स्टोअरला, स्कॅनर हातात. सर गावाहून आले, त्यांनीबी सांगितलं वर, की मोकळी वायर त्यांनी ठेवली होती, अशी चूक अडवायची सोय स्विचमधे असती, ती चालू करायची त्यांच्याकडून राहिली. पन सही दुसऱ्याच्या नावाची झालेली. ह्यांना घरी सगळं सांगितलं, डब्यासकट. तिसऱ्या दिवशी हे म्हणले, जेवलीस कशी गं तू. तेवढंच इचारलं.

वर्षभरानं मी सोडलं. आता माझं मी करते. चाकण, तळवडे, भोसरी, छोट्या छोट्या कंपन्या, पंधरा मशीनी, वीस मशीनी. आधी चालते, मंग कागद, मंग शिडी. हरेक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावते. पोरगी डिप्लोमा करती, रविवारी माझ्याबरोबर येती. चाललंय बरं. खंडेनवमीला सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करते, हार घाला, नारळ फोडा, लोंबती वायर लोंबू द्या.

पन ताई, एक गोष्ट सुटत न्हाई. मावशीला अजून वाटतं की वायर तिच्याच हातून खोचली गेली, आन् मी तिच्यासाठी खोटं बोलले, तिच्यासाठी जागा घालवली. किती वेळा सांगितलं, फोटो दाखवला. ती म्हणती, फोटोतलं मला काय कळतंय, मला तुझं मन कळतंय. देहूत सगळ्या आळीला सांगून ठेवलंय तिनं. दर दसऱ्याला सोनं द्यायला जाते, तर शेजारपाजारच्या बाया बघायला येतात, हीच का ती. मी म्हणते, मावशी, मी त्या दिवशी जेवले गं, तू गेटवर बसली होतीस आन् मी डबा खाल्ला. ती म्हणती, मंग, उपाशी राहून काय झालं असतं.

आपट्याचं पान तिच्या हातात देऊन मी पाया पडायला वाकते, तर ती माझ्याआधी वाकायला बघती. तिला धरून उभी करावी लागती, दर साली. आता तिला गुडघ्यामुळं वाकवत न्हाई, नुसता हात माझ्या डोक्यावर ठेवती आन् म्हणती, तुझ्यासारखी तूच. मी घेते तो हात. सांगायचं तेवढं सांगून झालंय.

चला, वायर गुंडाळून झाली. तळवड्याला शिडी लावून ठेवलीय, निघते मी.