मागून बसलेली गाडी

स्कूटर दुरुस्तीला देऊन आजोबा गॅरेजच्या बाकावर टेकले होते. समोर मागच्या बाजूने खाली बसलेली जुनी मोटार, तिचे मालक, त्यांची बायको आणि मिस्त्री.

“मिस्त्री, मागे हवा भरायचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवलेत ना? मग भरा हवा, मागून वर येऊ दे गाडी.”

“साहेब, आधी डिकी रिकामी करा. जादा गिअरबॉक्स घेऊन कोण फिरतं?”

“वाटेत बंद पडली म्हणजे?”

“बघा भाऊ! यांचाच भरवसा नाही गाडीवर, आणि बसायचं मी.”

“अगं, वेळेला उपयोगी पडतं.”

“मग माझी बॅग कुठे ठेवू? ताईकडे राहायला निघालोय आपण.”

“मांडीवर घे.”

“साहेब, काढलेले जुने शॉक भंगारात टाकू?”

“वेड लागलंय का? डिकीत ठेवा.”

“आजोबा, इथून बसस्टँड किती लांब आहे हो?”