भाऊसाहेबांच्या गाडीचा मूळ एसी

विषय: आमचे शेजारी भाऊसाहेब यांच्या जुन्या विलायती स्पोर्ट्स कारचा मूळ एसी पुन्हा चालू करणेबाबत.

गाडीला सीटा दोनच. दुसऱ्या सीटवर वहिनी कधी बसल्या नव्हत्या. "एसी चालू झाला की त्र्यंबकला येईन," असं त्यांनी एकदा सांगून टाकलं होतं.

मालेगावचे रफिकभाई मिस्त्री म्हणाले, "साहेब, आजकालच्या गाडीचा एसी टाकतो, दोन दिवसांत बर्फ."

भाऊसाहेब म्हणाले, "कंपनीने दिला होता तोच पाहिजे."

मूळ सुटे भाग शोधण्यात तीन उन्हाळे गेले. अखेर एसी बसला आणि खरोखर गार वारा आला. वहिनी ठेवणीतली साडी नेसून गाडीत बसायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. एसीची पेटी डॅशबोर्डखाली, बरोबर त्यांच्या गुडघ्यांच्या जागी होती.

"पाय कुठे ठेवू?"

"कंपनीने पेटी तिथेच दिली आहे."

"मग कंपनीलाच घेऊन जा त्र्यंबकला."

रफिकभाई म्हणाले, "पेटी मागे घेतो ना साहेब, तासाभराचं काम." त्यांनी देवळातली पिंड सरकवायला सांगितल्यासारखं भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून वहिनींच्या नावे रीतसर अर्ज लिहून घेतला: पेटी मूळ जागी राहू देऊन, पाय दाराकडे वळवून, आपण एकवार तरी बसावे, ही विनंती. वहिनींनी तो पूर्ण वाचला, घडी घातली आणि फ्रिजवर ठेवला.

याला आता सहा वर्षं झाली. अर्ज विचाराधीन आहे.