दाढीवाल्या मुनींची पुण्यतिथी

बोला, विठ्ठल विठ्ठल! टाळ जरा हळू, गोष्ट ऐकू येऊ द्या!

मंडळी, आज एकच प्रश्न. विद्या मोठी कशाने होते? जुनी आहे म्हणून? की कामाला येते म्हणून? तुम्ही म्हणाल, बुवा, दोन्हीने! बरं. मग ती देणाऱ्याचं नाव लाजून लपवलं, तर त्या विद्येचं काय होतं? ऐका तर मग!

कोकणात कातळवाडी नावाचं गाव. तिथे वामनमास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पण गणित काही निवृत्त होईना! मोठमोठे गुणाकार तोंडी करायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. डोळे मिटले की उत्तर हजर!

हे शिकवलं कुणी? त्यांच्या अंबूआत्याने! श्रावणात शंकराला बेलाची लाखोली वाहायची, लाख पानं! एकेक मोजायची तर पुढचा श्रावण उजाडेल! आत्या ओसरीभर पानांच्या ओळी लावायची. ओळी अठ्ठ्याण्णव, ओळीत पानं सत्त्याण्णव. लहानगा वामन बोटं मोडत बसायचा. आत्या म्हणायची, "असलेलं काय मोजतोस वामन्या, उणं मोज! शंभराला इथे दोन कमी, तिथे तीन कमी. अठ्ठ्याण्णवातून ते तीन काढ, राहिले पंच्याण्णव शेकडे. बे त्रिक सहा, ते सुटे. झाले नऊ हजार पाचशे सहा. ऊठ, देवाला उशीर होतोय!"

कळलं का हो पेटीवाले? नाही? घरी जाऊन करून बघा, आत्ता सूर धरा!

तर मास्तरांनी ओसरीवर वर्ग काढला. पाटी लावली, 'आत्याची गणिताची युक्ती'. पहिल्या दिवशी आले दोघे, त्यातली एक बकरी! मास्तर खट्टू झाले. रात्रभर विचार केला आणि पाटी बदलली, 'प्राचीन मुनिप्रणीत अंकविद्या'. अहो, फाटकापर्यंत रांग! काय ही आपली जात! आत्या म्हटलं की बकरी येते, मुनी म्हटलं की गाव येतं!

आता, तोंडी गणिताची जी विद्या हल्ली वेदांच्या नावाने शिकवतात, तिच्या उगमावरून थोरामोठ्या पंडितांतही वाद आहे. कुणी म्हणतं वेदातली, कुणी म्हणतं एका तपस्व्याला ध्यानात सुचली, कुणी म्हणतं पोथ्या धुंडाळल्या, कुठेच नाही! तो वाद त्यांचा त्यांना. पण गोडी खरी! ज्या पोरांना पाढ्यांनी ताप यायचा, ती नदीवर पोहता पोहता गुणाकार ओरडायला लागली. आजोबा नातवाशी पैज लावायला लागले!

मग सरपंच शिर्के आले. "मास्तर, एवढे थोर मुनी, त्यांची पुण्यतिथी केली पाहिजे! तिथी कुठली?"

मास्तरांना घाम! "श्रा... श्रावणातली."

"आणि नैवेद्य? काय आवडायचं त्यांना?"

डोळ्यांपुढे एकच मूर्ती हो! तोंडातून गेलं, "पातोळ्या!"

चित्रकार आला. "मुनी दिसायला कसे?" मास्तर म्हणाले, "नाक धारदार, डाव्या गालावर तीळ." खोटं बोलायलासुद्धा कल्पना लागते मंडळी, मास्तरांकडे नुसती आत्याच होती! चित्रकाराने वर दाढी चढवली. झाले मुनी!

उत्सवाचा दिवस. पातोळ्या करायला कुणाला बोलावलं असेल? अंबूआत्यालाच! हळदीच्या पानांवर पीठ थापता थापता म्हणते, "वामन्या, तुझ्या या मुनींना पातोळ्या आवडायच्या? सज्जन माणूस असणार!" चित्राकडे बघून हात जोडते, "चेहरा ओळखीचा वाटतो हो. आपल्याकडच्यांपैकी का?"

मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं!

इतक्यात भटजींची हाक, "मास्तर, पाटावर बसा. हातात तीळ घ्या, पाणी घ्या, दिवंगत गुरूचं स्मरण करा आणि अंगठ्याकडून सोडा."

तिलांजली! गुरू कोण? आत्या! आणि आत्या तर ही समोर, पातोळ्यांना वाफ देतेय! जितीजागती! पाणी सोडावं तर आत्याच्या नावाने तिलांजली. न सोडावं तर सगळं बिंग बाहेर. पाटी गेली, वर्ग गेला, मान गेला!

"सोडा मास्तर," सरपंच म्हणाले, "पानं खोळंबलीत!"

मास्तरांनी तीळ बाजूला ठेवले. ताडकन उठले. "नाही सोडायचा मी! माझा गुरू जिवंत आहे! मुनी नाही, पोथी नाही. ही माझी अंबूआत्या!" आणि भर मंडपात आत्याचे पाय धरले.

सरपंच लाल! "म्हणजे गणित खोटं? गावाला फसवलंत?"

आत्या झारा घेऊनच पुढे आली. आधी मास्तरांच्या डोक्यात एक टपली. "मेल्या, मी जिवंत असताना पुण्यतिथी?" मग पोरांकडे वळली. "काय रे, अठ्ठ्याण्णव गुणिले सत्त्याण्णव?"

"नऊ हजार पाचशे सहा!" मंडप दणाणला.

"मग खोटं काय त्यात, सरपंच?"

सरपंचांचा आवाज खाली आला. "पण आत्या, तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आईने. तिला तिच्या आईने. त्यापलीकडचं मला ठाऊक नाही. असेलही एखादा मुनी! पण त्यालाही त्याच्या आईनेच शिकवलं असेल ना?"

सरपंच हसले. गाव हसलं. सरपंच चित्र उतरवायला निघाले, तर आत्या म्हणते कशी, "राहू दे हो, चांगलं काढलंय. तेवढी दाढी मात्र पुसा!"

विठ्ठल विठ्ठल!

मंडळी, हसलात ना? आता उणं मोजा! आपण देवापुढे काय मोजतो? एवढी पारायणं, एवढे उपास, शंभरातले अठ्ठ्याण्णव झाले देवा! देव म्हणतो, ते राहू दे रे. ते दोन कुठे आहेत? मास्तरांकडे विद्या होती, मान होता. उणं होतं एका म्हातारीचं नाव.

तुमच्या घरी आहे ना अशी कुणी? तुम्हाला चालायला, बोलायला, देवापुढे हात जोडायला शिकवणारी? तिच्या फोटोला पुढे हार घालालच. आज घरी गेलात की आधी तिच्या पानात वाढा, आणि चार माणसांत सांगा, हे मला हिने शिकवलं.

उठा, आरती घ्या. आणि माउल्यांनो, आधी तुम्ही पुढे या!