उनाळीचं कुरन

मी गायकीची लेक, मास्तर, अन् दिली बी गायकीच्याच घरात. गायकी म्हंजे गावाची ढोरं राखनारे. पातूरच्या अलीकडं आमचं गाव, गावाच्या उगवतीले मोठं कुरन, अन् ते राखाचं काम आमच्या घरचं, सासऱ्याच्या बापापासून. त्या कुरनात उनाळी व्हायची. काय सांगू तुमाले, इवलुसं जांभळं फूल, वास नाई, देवाले कोनी वाहात नाई, पन भादव्यात सारं कुरन जांभळं होऊन जाय अन् माशा अशा घोंगावत का बोललेलं आयकू येत नसे. बाकी गवत होळीपर्यंत वाळून जाय, उनाळी हिरवी राहे, तिची मुळी खोल, पार खालच्या वलीपर्यंत, म्हनून तिच्या बुडाशी गवतबी तग धरे. त्याच्यावरच आमच्या गाई वैशाख काढत.

म्हनून गावाचा नेम होता, उनाळीच्या शेंगा तडकून बी भुईवर सांडल्याबिगर कुरनात ना ढोर घालाचं ना इळा लावाचा. पाटलाचा बैल घुसला तरी आमचे धनी हाकलून देत, अन् पाटील हू का चू करत नसे.

मंग तो कापसाचा भाव आला. दर्यापल्याड कुठं गोऱ्या लोकाइची लढाई लागली म्हने, तिकडचा कापूस बंद झाला, अन् आमच्या पाटलाले आभाळ ठेंगनं झालं. अमरावतीच्या बाजारातून आला तो बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या घालून. चावडीवर म्हने, कुरन मोडतो, पराटी लावतो. धनी म्हनले, पाटील, शेंगा तं तडकू द्या. सारे हासले. अन् भर फुलात नांगर घातला, मास्तर. जे बैल तिथल्या चाऱ्यावर पोसले त्याइच्याच मानेवर जू. कुंपनानंच शेत खाल्लं, मंग सांगाचं कोनाले? मले आजबी संताप येते.

त्या उन्हाळ्यात चारा कुठं? लोक गाई इकाले लागले. धनी म्हनले, आपली मोरी गाय अन् उरलेल्या घेऊन मेळघाटात जातो, सेमाडोहाकडं चारा हाय, दसऱ्याले येतो. मी पाटलाच्या निंदनाले राहिली, पोटाले तं लागते. उनाळी काई नांगरानं मरत नाई, पावसात पराटीच्या तासातून पुन्हा वर आली. पाटील बांधावर उभा राहून वरडे, बायाहो, मूळ ठेवजा नोको, मूळ राह्यलं का पुन्हा येते. आमी खुरप्यानं खनू खनू मुळ्या काढल्या, फुलासकट, हाताले साल राहिली नाई. अन् तिकडं धनी जंगलातल्या तापानं गेले. संगचा गायकी वावरातच सांगाले आला, मोरी त्याइच्यापाशीच बसून राहे म्हने. खुरपं माया हातातच होतं. ज्या चाऱ्यापाई माया मानूस गेला तोच मी उपटून राहिली होती, हे मले तवाच समजलं, अन् दुसऱ्या दिवशी बी निंदाले गेली, न जाऊन खाऊ काय.

लढाई सरली, भाव गेला. पाटलानं वावर पडीत टाकलं, म्हने होईल पुन्हा कुरन. कशाचं होते बाप्पा? मुळ्या नाई तं माती धुपून गेली, खालून मुरूम निघाला, नुसतं कुसळ उगवते, ढोरं त्याले तोंड लावत नाई.

परवा पाटील स्वता घरी आला, म्हातारा झाला आता, काठी टेकत. म्हने, ठके, उनाळीचं बी कुठं भेटंल का, तुमी गायकी लोक, तुमाले ठाव असंल, ढोरं मरून राहिले. मी म्हनलं, पाटील, तुमीच तं सांगत होते मूळ ठेवजा नोको. नाई ठेवलं, एकबी नाई. देव तुमच्या ढोराइले सुखी ठेवो. बसा, पानी देते.

तुमाले बी पानीच दिलं, मास्तर, राग मानू नोका. गायकीच्या घरी दूध नाई आता.