वास कपाटाला येतोय

"आई, काल मी दिवा घालवून खोलीबाहेर आले ना, तर वहिनी आतच बसली होती. अंधारात. बोललीसुद्धा नाही."

हे माझी नणंद सासूबाईंना सांगत होती, स्वयंपाकघरात, आणि मी दाराच्या अलीकडे हातात कपबश्या घेऊन उभी, म्हणजे आत जावं तर ऐकलं असं दिसतं, मागे फिरावं तर कपबश्या वाजतात, आणि त्यावर सासूबाई काय म्हणाल्या असतील? रागावल्या असत्या तरी चाललं असतं हो. त्या म्हणाल्या, "गुणी आहे पोर, घरात आहे ते कळतसुद्धा नाही." कौतुकाने म्हणाल्या. आता कौतुकावर भांडायचं कसं, तुम्हीच सांगा. मी काही बोलले नाही.

बरं, मी मुद्दाम गप्प बसते असंही नाही. या घरात सगळे एकदम बोलतात, आणि आपण वाक्य जुळवून तोंड उघडावं तोवर विषय पाण्याच्या टाकीवरून मामांच्या गुडघ्यावर गेलेला असतो, मग टाकीबद्दलचं ते वाक्य तसंच घेऊन मी झोपायला जाते. नवऱ्याला ऐकवावं, तर तो उशीला डोकं टेकलं की गेला. स्वभावाने भला आहे हो… पण गेला.

तर ऑफिसातून येताना मी सेंटच्या दुकानात शिरले. आवाज पोचत नाही तर नाही, वास तरी पोचेल की माणसाचा? मनाशी ठरवलं, आज नुसता लावून बघायचा, आणि घरात एकाने, फक्त एकाने विचारलं, 'कुठला गं हा?', की उद्या बाटली घ्यायची.

काउंटरवरची बाई म्हणाली, "ताई, तुम्ही फुलांच्या की फळांच्या?" स्वभावाने, म्हणजे. आता याला काय उत्तर असतं? मी काही बोलले नाही. "मग तुम्ही लाकडाच्या," असं तिने परस्पर ठरवलं आणि कागदाच्या पट्ट्यांवर फुसफुस करत सुटली, हे चंदन, हे देवदार, मध्ये नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगा, आणि शेवटी म्हणे, "हा बघा, वर मिरी आणि दालचिनी, खाली जुनं लाकूड, आधी तिखट लागेल, पण घाई करायची नाही, अंगावर मुरला की बोलायला लागतो." म्हटलं, बोलू दे, कुणीतरी बोलू दे. तिने माझा हात हातात घेतला, मनगट उलटं केलं, फवारलं, वर हलकी फुंकर घातली… आणि तुम्हाला खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तिखट आहे ना?" ती म्हणाली. मी मान हलवली. तिने दुसरं मनगट मागितलं, मग मान, मग कानामागे, आणि मी काही नको म्हटलं नाही.

घरी आले. सासूबाईंनी मान वर केली. नाक वर केलं. मी मनगट जरा पुढे केलं.

"मसाल्याचा डबा उघडा राहिला का गं?" आणि गेल्या स्वयंपाकघरात.

मी त्यांच्या मागे गेले, तर वास तिथे आला. "मसालाच," त्या म्हणाल्या. मी आमच्या खोलीत गेले, तर नणंद हुंगत खोलीत. "आई, इथे जास्त येतोय." मग सासरे आले, चष्मा पुसत, जसा काही वास डोळ्यांनी बघायचा असतो, आणि मला म्हणाले, "सूनबाई, जरा सरक," मी सरकले, आणि माझ्या पाठीमागच्या कपाटाला, लग्नात घेतलेल्या त्या नव्या कपाटाला नाक लावून त्यांनी निकाल दिला: "लाकूड. ओलं लाकूड वापरून गंडवलंय सुताराने. यांच्या उशाशी हे ठेवायचं नाही, डोकं धरेल." काळजीने म्हणाले, हेही सांगते. मी काही बोलले नाही.

तेवढ्यात नवरा आला. बूट काढायच्या आत त्याला कपाटाला जुंपलं, बाल्कनीत काढायचं ठरलं, आणि एक कोपरा कुणी धरायचा? मीच. म्हणजे बघा, वास हटवायला वासालाच हाताशी घेतलं. नणंद म्हणते, "वहिनीच्या बाजूने फारच येतोय." सासरे म्हणतात, "तिकडचा पाय कुजलाय." नवऱ्याचं तोंड माझ्या कानापासून वीतभर, तो धापा टाकत म्हणतो, "तुला येत नाही का गं?" मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने कपाटाकडे पाहिलं.

आणि कपाट दारात अडकलं. आत येईना, बाहेर जाईना. सासरे म्हणाले, "करवत आण, पाय कापूया." सासूबाई म्हणाल्या, "कापा, पण घरातला वास घालवा." नवरा खरंच करवत घेऊन आला हो. बसला गुडघ्यावर, पात्याला बोट लावून बघितलं, पायावर ठेवलं…

मग मात्र मी बोलले. इतक्या हळू आवाजात, की पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही, दुसऱ्यांदा म्हणावं लागलं:

"बाबा, कपाट आत राहू द्या. बाल्कनीत मी जाऊन उभी राहते, वास माझ्या अंगाला येतोय."