आमच्या हायस्कूलचा एच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा मंडळाचे प्रमुख श्री. प्रेस्कॉट इंगल्स, आपण ज्यांना निरोप देत आहोत ते मुख्याध्यापक श्री. हॉलिस वॉडली, त्यांच्या पत्नी सौ. क्लेरमोंद, व्यासपीठावर शेजारी बसवलेले, तरी मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून बसलेले कॅथलिक फादर आणि बॅप्टिस्ट पाद्री, हार्लो गावचे सभ्य नागरिक, आमच्या सेंत-ओदीलचे उरलेले नागरिक, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे माजी विद्यार्थी, ज्यांना मी अजून ओळखते, तेव्हा सरळ उभे राहा.

देवाने माझी उंची जरा घाईत ठरवली. तरी मी तुम्हाला दिसते आहे, कारण यंदाच्या शेवटच्या वर्गाने या टेबलामागे माझ्या पायांखाली काहीतरी ठेवलं आहे. "चढा मादाम, पण खाली बघू नका," असं मला बजावण्यात आलं. मी नन्सच्या शाळेत शिकलेली बाई. बघू नका म्हटल्यावर काय करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. पण ते शेवटी.

आज मतदानाचा विषय काढायचा नाही, अशीही सूचना आहे. म्हणून तो आत्ताच काढून टाकते. येत्या मंगळवारी हार्लो गाव ठरवणार आहे की सेंत-ओदीलबरोबरची ही सामाईक शाळा सोडायची का. हार्लो बाहेर पडलं, तर उरलेल्या पोरांत बँड उभा राहणार नाही, हॉकीचा संघ उभा राहणार नाही, आणि थोड्याच दिवसांत दाराला कुलूप लागेल. हॉलिस ज्या दारातून चौदाव्या वर्षी आत आले आणि आज केस पांढरे करून बाहेर पडताहेत, त्याच दाराला. निरोपाला इतकी सुंदर भेट कुणाला मिळते?

आणि अध्यक्ष महाराज, गेल्या आठवड्यात हॉटेलात आपण काय म्हणालात? मी शेजारच्याच टेबलावर धिरडी खात होते. आपण म्हणालात, "ज्यांना हायस्कूल म्हणता येत नाही, आयस्कूल म्हणतात, त्यांच्याबरोबर हायस्कूल चालवायचं कसं?"

काय? विनोद होता? असेल. तू नववीत होतास तेव्हापासून मी तुझे विनोद तपासते आहे, प्रेस्कॉट. त्यातला एकही अजून पास झालेला नाही.

खरं आहे, आमच्या फ्रेंच जिभेवर ह टिकत नाही. हार्लोची पोरं त्यावरून हसायची, "चला रे, ऑकी खेळायला!" पण या शाळेने पहिल्याच दिवशी काय केलं, ते ऐका.

सहासष्ट साल. मी नवी कोरी फ्रेंचची मास्तरीण. इमारत नवी, दारावर ओतीव लोखंडाची अक्षरं, खाली दोन्ही गावं दोन बाजूंना उभी. आधी आशीर्वाद कुणी द्यायचा, यावर फादर आणि पाद्री यांचं अत्यंत नम्र भांडण सुरू होतं. "आधी आपण." "छे, छे, आपण आधी." दोघांनाही मनातून शेवटचा शब्द आपला हवा होता. तेवढ्यात वरून 'हाय'चा पहिला एच सुटला आणि दोघांच्या मधून थेट बँडच्या मोठ्या ढोलात गेला! धड्डाम! फादर म्हणाले, "देवाने कौल दिला." पाद्री म्हणाले, "दिला खरा, पण कुणाला?"

हार्लो म्हणालं, अक्षर सेंत-ओदीलच्या गवंड्याने मुद्दाम सैल बसवलं. सेंत-ओदील म्हणालं, आम्हाला तो लागतच नाही, तुम्ही चढवा. शिडी कुणी धरायची यासाठी समिती नेमली गेली. ती समिती अजून बरखास्त झालेली नाही. एच खालीच पडून राहिला, आणि पुढच्या वसंतात शेवटच्या वर्गाने तो पळवला!

तेव्हापासून दरवर्षी जाणारा वर्ग तो लपवतो आणि बाकीची शाळा शोधते. तो आमच्या चर्चच्या घंटेशेजारी सापडला. बटाटे काढायच्या सुट्टीत, जेव्हा दोन्ही गावांची पोरं एकाच शेतात वाकलेली असतात, तेव्हा तो बटाट्यांच्या पिंपातून निघाला. एकदा तर बॅप्टिस्टांच्या बाप्तिस्म्याच्या हौदात, पूर्ण बुडालेला! पाद्री महाशय, हसू नका, पूर्ण बुडवला की बाप्तिस्मा, या आपल्या हिशेबाने तो तुमचा झाला. आणि एका वर्षी पोरं त्याला ट्रकमध्ये घालून नदीपलीकडे कॅनडात निघाली. पुलावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "काही जाहीर करायचंय?" "हो साहेब. एक एच." तो अधिकारी आमच्यासारखाच फ्रेंच. म्हणाला, "परत न्या. इथे कुणी वापरत नाही."

पण एक गोष्ट कधी लक्षात आली का तुमच्या? तो एच अवजड आहे. एका गावाच्या पोरांना पेलत नाही. जेवायच्या खोलीत दोन टोकांना बसणारी पोरं चोरी करायला मात्र एकत्र आली. या शाळेचा पहिला संयुक्त उपक्रम म्हणजे चोरी. मी शिक्षिका म्हणून निषेध केला. चोरीच्या रात्री सायकल शेडमध्ये पहारा देणाऱ्या पोरांना कोको मात्र नेऊन दिला.

आता उत्सवमूर्तींकडे येते. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला आमच्या गावची एक मुलगी उभी राहून धडा वाचू लागली. "एन्री असला. ॲट आतात घेऊन तो अळूच अलला." सगळा वर्ग हसून लोळला. मास्तर म्हणाले, "नीट येईपर्यंत उभी राहा." तेव्हा मागच्या बाकावरून हार्लोचा एक लांबुडका मुलगा उठला, परवानगी न घेता. त्याने पुढचं पान वाचलं, घसा ताणून, एकही ह न उच्चारता. "एन्रीला आयुष्यात अशी अवा कधी मिळाली नव्अती!" मास्तरांनी दोघांनाही बाहेर काढलं. मी समोरच्या वर्गात शिकवत होते. दोघं व्हरांड्यात उभे होते. मग ती म्हणाली, "नाव काय तुझं?" तो म्हणाला, "ऑलिस."

ती क्लेरमोंद. लाजू नकोस, क्लेरमोंद, नातवंडं झाली तुला. घरात तिच्यापुढे यांचा ह अजूनही निघत नाही, असं मला खात्रीलायकरीत्या कळलं आहे.

आता प्रेस्कॉट, तुझा विनोद. 'हाय' लिही बघू हवेत. एच, आय, जी, एच. शेवटी जी आणि एच आहेत ना? मग ते कुठे गेले? हार्लोच्या शेजारी जन्मभर राहून मी एकाही माणसाच्या तोंडून ते ऐकलेले नाहीत. आम्ही पुढचा एक गिळतो, तुम्ही मागचे दोन गिळता, आणि वर ढेकर देऊन आम्हाला हसता? दोन्ही गावं मिळून या शब्दातला एक 'आय' तेवढा धड उच्चारतात. त्याच्यावर शाळा पन्नास वर्षं चालली आहे, महाराज!

तेव्हा मंगळवारी खुशाल मत द्या. वेगळं व्हायचं असेल, तर आपला एच घेऊन जा. थांबा, मी उतरते. हा बघा. इतका वेळ मी त्याच्यावरच उभी होते.

बसा, बसा! टाळ्या पोरांना द्या. प्रेस्कॉट, तू बसू नकोस, इकडे ये. कोट काढ. उचल. एकट्याने. कंबर सांभाळ. काय झालं? काय म्हणालास? मोठ्याने, मागे ऐकू जात नाही.

"आ अलत नाई, मादाम."

ऐकलंत! अध्यक्षांचा पहिला पास झालेला विनोद! आता दुसरं टोक क्लेरमोंद धरेल. ऑलिस, तू शिडी धर, म्हणजे ती समितीही आज बरखास्त होईल. शिडी बाहेर उभी आहे, स्क्रू माझ्या पर्समध्ये आहेत. मंगळवारचं मी काही विचारत नाही. फक्त याच दारातून मतदानाला शिरताना एकदा मान वर करून बघा.

पोरांचे, बँडचे, धिरडी करणाऱ्या बायकांचे आणि मला बोलायला लावण्याचा धोका पत्करणाऱ्या मंडळाचे आभार. बोलण्यात काही अधिक झालं असेल, तर ते ढोलात गेलं समजा. आणि ऑलिस, तुझ्याबद्दलची माया कुठे ऐकू आली नसेल, तर मला माफ कर. ती त्या शेवटच्या एचसारखी आहे. ऐकू येत नाही, पण पहिल्या दिवसापासून जागेवरून हललेली नाही.