उलट्या रेघा

मावशी : …ते बटण जरा राहू दे. खुर्ची ओढ, अशी जवळ ये आणि चित्त दे माझ्याकडे. एक गोष्ट सांगते. तुझ्या यंत्राला बावीसच्या बावीस पुस्तकं दाखवलीस तरी कळायची नाही, अशी.

भाची : मावशी, पाचला चित्रांची यादी बंद होते. चार वीस झालेत. गोष्ट घरी सांग की.

मावशी : घरी सांगायचं धाडस व्हायचं नाही. इथे घड्याळाच्या धाकाने तरी सांगून टाकीन.

भाची : आधी हे हमीपत्र वाच, सही कर, मग रात्रभर गोष्टी सांग. हे बघ. ‘यंत्राला शिकवण्यासाठी दिलेली सर्व चित्रे मी स्वतः काढलेली आहेत.’ एवढंच आहे.

मावशी : आणि ते एकदा शिकलं, की?

भाची : की तुझी टपालवाली गोगलगाय इथलं कोणीही काढू शकेल. वहीच्या पुठ्ठ्यावर, खेळण्याच्या खोक्यावर, पडद्यावर. कुठेही बघितली तरी तीच शिंगं, तीच टपालाची पिशवी, तोच शंख. अगदी तुझा हात.

मावशी : म्हणजे हात इथे ठेवायचा आणि उरलेली मी घरी जायचं.

भाची : झालं सुरू! अगं, सही करायला तूच तयार झालीस ना? प्रकाशकांनी काय पिस्तूल रोखलं होतं?

मावशी : नाही गं. फुलं पाठवली होती. बरं, ते जाऊ दे. काल फोनवर म्हणालीस, काही चित्रं काढून टाकतेयस.

भाची : तीनशे बारा. चौथ्या पुस्तकापासून नवव्यापर्यंतची सगळी. ती घातली की यंत्र बिथरतं. शंखावर दोन्हीकडून रेघा येतात, बिचारी गोगलगाय जाळ्यात सापडल्यासारखी दिसते. चार दिवस डोकं फोडलं मी. मग मोठं करून बघितलं. सावली दाखवायला तू मारतेस त्या रेघा सगळीकडे उजवीकडे झुकतात. या सहा पुस्तकांत डावीकडे. आमच्या आर्ट डायरेक्टर बाई म्हणाल्या, एकसारखेपणा पाहिजे, उलट्या रेघांची सगळी उडवा. मी तर त्या फोल्डरचं नावच ‘खराब’ ठेवलंय.

मावशी : काय ठेवलंयस?

भाची : खराब. चेहरा का उतरला एवढा? बाकीची हजारभर आहेत की तुझी. मला फक्त एक सांग, तू मध्येच सहा वर्षं डावखुरी झाली होतीस का?

मावशी : तीच तर गोष्ट आहे. चौथं पुस्तक छापायला जायचं होतं आणि मी जिन्यावरून पडले. उजवं मनगट मोडलं.

भाची : आणि डाव्या हाताने काढलीस? कमाल आहे! हे बाईंना सांगितलं तर—

मावशी : मला डाव्या हाताने धड कपसुद्धा धरता येत नाही.

भाची : मग कोणी काढली?

मावशी : आपल्या घरात कात्रीवरून कोण कुरकुरायचं?

भाची : कात्रीवरून? आई. जगातल्या सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या माणसांनी स्वतःपुरत्या करून ठेवल्यात, म्हणायची…

मावशी : बोल पुढे.

भाची : नाही. आई तुझे ब्रश धुवायची. तूच सांगायचीस. पाहुण्यांसमोर, हसून. ‘आमची धाकटी माझे ब्रश धुते.’

मावशी : सांगायचे खरी. तू तिच्या मांडीवर असायचीस. उजव्या हाताने तुला सांभाळायची आणि डाव्याने शंख रेखायची. तुझा धक्का लागून नवव्या पुस्तकात एका ढगाला शेपूट फुटलंय. खोडू दिलं नाही तिने. राहू दे म्हणाली, लेकीचं आहे.

भाची : सहा वर्षं?

मावशी : मनगट चार महिन्यांत बरं झालं होतं.

भाची : चार महिने म्हणजे एक पुस्तक. बाकीची पाच?

मावशी : तिची जास्त चांगली होत होती. दिसलं नाही तुला? तिची गोगलगाय पत्र देताना लाजते. माझी नुसती देते. प्रकाशकांना सांगायला गेले होते मी, देवाशपथ गेले होते. दारातच ते उठून उभे राहिले. ‘बाई, या वेळी तुम्ही स्वतःलाच मागे टाकलंत!’ आणि मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, आभारी आहे.

भाची : आईला काय सांगितलंस?

मावशी : काहीच नाही. दहाव्या पुस्तकाच्या वेळी तीच म्हणाली, ताई, आता माझंही नाव घाल. बारीक अक्षरात असलं तरी चालेल. मी म्हटलं, मुलांचा गोंधळ उडतो, गोगलगाय एकाच हातची वाटली पाहिजे. भांडली नाही. ब्रश धुतले, सुकायला ठेवले आणि गेली. महिन्याभरात दवाखान्यात केसपेपर लिहायला लागली.

भाची : एकोणीस वर्षं लिहिले. लिहिता लिहिता स्वतःच्याच हाताने शाई फासली जायची आणि डॉक्टर सगळ्यांदेखत बोलायचे. बाही निळी घेऊन घरी यायची ती.

मावशी : ठाऊक आहे.

भाची : आणि मी चार दिवस तिच्या चित्रांना खराब म्हणतेय. एकेकावर काट मारत. मला इथे चिकटवलंस तूच ना? ‘आमची भाची फार बारकाईने काम करते.’ याच्यासाठी?

मावशी : नाही गं बाळा. ते यंत्र रेघांचा कल बघतं, मला काय स्वप्न पडलं होतं? इतक्या वर्षांत एका माणसाच्या लक्षात आलं नाही.

भाची : हमीपत्राच्या मागच्या पानावर रकाना आहे. ‘अन्य कोणाचा सहभाग असल्यास नाव.’ हे घे पेन. लिही.

मावशी : लिहिलं तर?

भाची : यादी थांबेल. वकील येतील. बाई माझी हजेरी घेतील. घेऊ देत.

मावशी : आणि मी? अडुसष्टाव्या वर्षी चोर ठरायचं? ना मूल, ना बाळ. या गोगलगायीमुळे चार माणसं मला ओळखतात. रोज सकाळी देवापुढे बसते ना, तेव्हा आधी तिची माफी मागते आणि मग डोळे मिटते.

भाची : देवाकडे मागतेस. तिच्याकडे कधी मागितलीस? जायच्या आधी सात महिने अंथरुणाला खिळली होती. तू रोज यायचीस.

मावशी : रोज ठरवून यायचे. पायरी चढताना शब्द तयार असायचे. मला बघितलं की तीच आधी विचारायची, ‘ताई, नवीन काय काढलंस?’ मग मी दाखवत बसायचे… आता असं बघ. ती तीनशे बारा तू काढतेच आहेस. उरली ती सगळी माझीच. मग या कागदावर खोटं असं काही राहतच नाही.

भाची : वा! म्हणजे आईला उडवलं की तू खरी.

मावशी : असं तोडून बोलू नकोस. तिचा हात या लोकांच्या तावडीत सापडणार नाही, हे काय वाईट आहे?

भाची : मावशी, लिहिणार आहेस की नाही?

(मावशी पेन घेते. पान उलटून रकान्यात एक आडवी रेघ मारते, पुन्हा उलटून खाली सही करते.)

मावशी : झालं. आता तुझं तू कर.

भाची : करते. पण तुझ्यासाठी नाही. एकदा तिला न विचारता घेतलं, दुसऱ्यांदा नको. हे बघ, ‘कायमचे काढून टाकायचे का?’ विचारतंय. निदान हे विचारतं तरी.

मावशी : दाबलंस?

भाची : गेली.

मावशी : बाळा, म्हातारीचं एक ऐकशील? पुढे तुला मुलंबाळं झाली की ती पुस्तकं दाखव. आजीने काढलीत म्हणून सांग. तिची आठवण ठेव.

भाची : मी लेक आहे तिची. मला सांगावं लागत नाही. तू ठेव. उद्या एखाद्या शाळेत एखादं पोरगं त्या सहांतलं एक पुस्तक पुढे करील आणि म्हणेल, हे मला सगळ्यात आवडतं, सही द्या. तू देशील, मला माहीत आहे. फक्त पेन टेकवायच्या आधी, मावशी, तिची आठवण काढ.